कुणासाठी रडायचं, कुणाला हसायचं

प्रश्न : मला दोन मुलं. मोठा अकरा वर्षांचा, धाकटी सात. दोघांनाही अ‍ॅनिमेशन चित्रपटांचं वेड. महिन्याभरापूर्वी नवऱ्याच्या फोनवर एक लांबलचक मेसेज आला, हे चित्रपट मुलांच्या मनात गुपचूप काय काय पेरतात याची यादीच होती त्यात. तेव्हापासून घरात रोज वाद. नवरा म्हणतो, हे सगळं राजकारण आहे, परकी संस्कृती आहे, आपल्या संस्कारांवर घाला आहे, सगळं बंद करा. सासूबाई म्हणतात, कार्टूनच तर आहे, बघू दे पोरांना. मी मधल्या मध्ये. मी मुलांबरोबर बसते, खटकेल तिथे थांबवते, समजावून सांगते. तर मोठा परवा चिडून म्हणाला, "आई, तू असलीस की पिक्चर बघायलाच नको वाटतं."

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. धाकटीच्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. तिच्या घरच्यांची बोलायची ढब आमच्यापेक्षा वेगळी आहे. गेल्या आठवड्यात दोघी आमच्याकडे खेळत होत्या. माझी मुलगी चेटकीण झाली होती आणि चेटकिणीचं बोलणं तिने हुबेहूब त्या मुलीच्या आईसारखं काढलं. मी रागावले, तर म्हणाली, "वाईट बाई अशीच बोलते ना?" त्या काकू मुलीला न्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, हसल्या नुसत्या. मला रात्रभर झोप नाही. येत्या रविवारी धाकटीचा वाढदिवस आहे, दहा-बारा मुलं येतील, तिला सगळ्यांबरोबर चित्रपट बघायचाय. दाखवू की नको?
– एक गोंधळलेली आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. 'हसल्या नुसत्या.' तुमची झोप त्याच हसण्याने उडाली आहे. मेसेज, सासूबाई, रविवार, सगळ्याकडे मी येते. पण आधी तुमच्या मुलीबद्दल बोलू या, कारण तिने जे केलं ते त्या यादीत कुठेच नसणार.

तिने चेटकिणीला आवाज दिला. तो आणला कुठून? वेगळ्या ढबीत बोलणारी माणसं वाईट असतात, असं तिला घरात कुणी सांगितलेलं नाही. चित्रपटातही कुणी सांगितलेलं नाही. तिने ते फक्त ऐकलंय, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. रोझिना लिप्पी-ग्रीन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी डिस्नेचे २४ मोठे अ‍ॅनिमेशन चित्रपट घेऊन त्यातली ३७१ पात्रं कशी बोलतात याची नोंद केली होती. त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं. अमेरिकी किंवा ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांत साधारण पाचातलं एक दुष्ट होतं. ज्यांच्या इंग्रजीला परक्या भाषेचं वळण होतं, त्यांच्यात पाचातली दोन. 'अलादीन' आठवून बघा. गोष्ट सगळी अरबस्तानातली, पण अलादीन आणि राजकन्या अमेरिकी कॉलेजातल्या मुलांसारखी बोलतात आणि बाजारातले पहारेकरी, विक्रेते मात्र जाड परक्या उच्चारात. आपण मुलांना डबिंग केलेले चित्रपट दाखवतो म्हणून सुटलो, असंही नाही. कुठल्याही भाषेतलं डबिंग कान देऊन ऐका. पुष्कळदा राजपुत्र प्रमाण भाषेत बोलतो, आणि चोर, नोकर, विदूषक, आचारी यांच्या तोंडी कुठली तरी बोली येते. सात वर्षांच्या मुलीचा कान फार तयार असतो. तिने नियम बरोबर ओळखला आणि खेळात वापरला. ती दुष्ट नाही ताई, ती हुशार आहे. तिला जे शिकायला मिळालं ते ती शिकली.

म्हणूनच तुमच्या यजमानांना आलेली ती यादी मला कुचकामी वाटते. असल्या याद्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. अमक्या मिनिटाला धुरळ्यात अक्षरं दिसतात, तमक्या चित्रात खूण दडलेली आहे. लोक पडद्याला नाक लावून एकेक चौकट शोधत बसतात आणि समोर दीड तास उघड चाललेलं असतं ते तसंच निघून जातं. मुलांच्या चित्रपटांतलं राजकारण कधी लपून नव्हतं. उलट सरकारांनी ते पैसे देऊन, राजरोस करून घेतलेलं आहे. हे सासूबाईंनाही सांगण्यासारखं आहे.

१९४२ साली अमेरिकेच्या अर्थखात्याने डिस्नेकडून एक छोटा चित्रपट बनवून घेतला. लोकांनी आयकर वेळेवर आणि आनंदाने भरावा, हा हेतू. दुसऱ्या महायुद्धासाठी पैसा हवा होता. कर भरायला निघालेलं पात्र कोण, तर डोनाल्ड डक. तिकडे जपानच्या नौदलाने १९४५ मध्ये पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट काढवला. लोककथेतला मोमोतारो, पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा, त्यात सेनापती आहे आणि त्याचे सैनिक म्हणजे गोजिरवाणी अस्वलं, माकडं, कुत्री. ती एका बेटावर उतरतात आणि तिथल्या रानातल्या प्राण्यांना गाणं म्हणत म्हणत जपानी मुळाक्षरं शिकवतात. प्राणी खूश आहेत, डोलतायत. दुसऱ्याचा मुलूख घेणं म्हणजे शाळा भरवणं, असं ते गाणं सांगतं, आणि गाणं खरंच गोड आहे. युद्ध संपलं तरी हे थांबलं नाही. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या 'अ‍ॅनिमल फार्म'वरचा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट १९५४ मध्ये आला, त्याला पैसा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने पुरवला होता, हे खूप वर्षांनी बाहेर आलं. त्यात शेतावरची जनावरं मालकाला हाकलतात आणि मग डुकरंच सत्ता बळकावतात. मूळ पुस्तकाच्या शेवटी डुकरं कोण आणि माणसं कोण, हे खिडकीतून बघणाऱ्या जनावरांना ओळखू येत नाही. पडद्यावर मात्र जनावरं पुन्हा उठाव करून डुकरांची सत्ता उलथवतात. ऑर्वेल तोवर वारला होता. शेवट बदलला की गोष्टीचं सगळं म्हणणं बदलतं, हे पैसे देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा 'कार्टूनच तर आहे' हे काही खरं नाही. कार्टून होतं म्हणून तर ते निवडलं गेलं.

याच काळातला आणखी एक छोटा चित्रपट आहे, 'एज्युकेशन फॉर डेथ', १९४३ सालचा. हाही डिस्नेचा, हाही युद्धप्रचाराचाच. त्यात हान्स नावाचा जर्मन मुलगा नाझी राजवटीत कसा घडवला जातो ते दाखवलंय. वर्गात मास्तर फळ्यावर गोष्ट सांगतात. कोल्हा सशाच्या मागे लागतो आणि त्याला खाऊन टाकतो. मास्तर विचारतात, यातून काय शिकलात? हान्स म्हणतो, बिचारा ससा! मास्तर भडकतात. हान्सला कोपऱ्यात बसवतात. इतर मुलं एकेक करून 'बरोबर' उत्तर देतात, ससा दुबळा होता, भित्रा होता, कोल्ह्याचंच खरं. कोपऱ्यात बसलेला हान्स ते ऐकत राहतो. हळूहळू त्याचा चेहरा बदलतो आणि शेवटी तोही ओरडतो की मला सशाचा तिरस्कार वाटतो. पुढे तो मोठा होतो, रांगेत चालू लागतो, आणि त्या रांगेची थडगी होतात.

हा चित्रपट स्वतः प्रचार आहे हे मी विसरत नाही. पण मुलांचं मन कसं वळवतात हे त्या वर्गाच्या प्रसंगात जितकं लख्ख दिसतं तितकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. हान्सला कुणी राजकारण शिकवलं नाही. कुणाचा कळवळा करायचा नाही, एवढंच शिकवलं. तेव्हापासून मुलांबरोबर कुठलाही चित्रपट बघताना मी एवढंच बघते, की हा चित्रपट आपल्याला कुणासाठी रडायला लावतो आणि कुणाला हसायला लावतो. झेंडे, घोषणा, शेवटचं तात्पर्य, हे सगळं मुलं विसरतात. रडणं आणि हसणं विसरत नाहीत.

तुमच्या मोठ्याच्या तक्रारीबद्दल माझा अनुभव सांगते. माझा भाचा सहा वर्षांचा असताना मी त्याला 'डम्बो' दाखवला. १९४१ चा चित्रपट, मोठ्या कानांच्या हत्तीच्या पिल्लाचा. त्यातल्या कावळ्यांबद्दल मी खूप वाचलेलं होतं. त्यांचं बोलणं-चालणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांची नक्कल म्हणून रंगवलेलं आहे, आणि त्यांच्या म्होरक्याला चित्रपट करणाऱ्यांनी दिलेलं नाव 'जिम क्रो', म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदे ज्या नावाने ओळखले जात तेच. मी सगळी तयारी करून बसले होते, कावळे आले की थांबवायचं आणि समजावायचं. पण त्याआधीच हत्तीण पिल्लाची छेड काढणाऱ्या पोराला फटके देते, तिला वेडी ठरवून गजाआड कोंडतात आणि रात्री ती गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला झोका देते. भाचा हुंदके देऊन रडत होता. "आत्या, तिला सोडतात का?" एवढंच त्याला हवं होतं. त्याला जवळ घेतलं. कावळे आले आणि गेले, मी एक शब्द बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर त्या चित्रपटात आधी टर उडवून मग पिल्लाची मनापासून माफी मागतात, त्याला उडायला मदत करतात, ते कावळेच. मी वाचून ठेवलेलं चूक नव्हतं, पण चित्रपट त्याहून गुंतागुंतीचा निघाला.

तिसऱ्यांदा बघताना त्याने मला दुसऱ्याच ठिकाणी अडवलं. सुरुवातीला रात्री भर पावसात मजूर सर्कशीचा तंबू उभारतात. काळे मजूर. ते गातात की आम्ही लिहाय-वाचायला शिकलो नाही आणि मिळालेला पगार उधळून टाकतो. भाच्याने विचारलं, "या माणसांना डोळे का नाहीत?" मी नीट पाहिलं. खरंच, कुणालाच चेहरा नव्हता. नुसती अंगं राबत होती. मी म्हटलं, काढणाऱ्याने काढले नाहीत. "विसरला?" मी म्हटलं, हत्तींचे, उंदराचे, आगगाडीचेसुद्धा काढलेत, म्हणजे विसरला नसेल. तो जरा थांबला. "मग त्यांना नावं पण नसतील." तेवढंच बोलला आणि पुढे बघायला लागला.

मी तासभर बोलून जे त्याच्या गळी उतरवू शकले नसते ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शोधलं. पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा. पहिल्यांदा मूल गोष्टीत बुडालेलं असतं आणि बुडू द्यावं. म्हणून ताई, मध्ये थांबवणं सोडा. मोठा रागावला त्यात त्याचं काही चुकलं नाही. रडू फुटण्याच्या किंवा हसू येण्याच्या ऐन क्षणी तुम्ही त्याला बाहेर ओढता, आणि मग त्याला चित्रपटाचा नाही, तुमचा राग येतो. पुन्हा बघतील तेव्हा शेजारी बसा. मुलं आवडता चित्रपट दहादा बघतातच. एखादा प्रश्न विचारायचा तर तो खरा असू द्या, उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. 'यातून काय शिकलास?' हा हान्सच्या मास्तरांचा प्रश्न आहे, तो नकोच.

अकरा वर्षांच्या मुलाला वेगळं काम देता येईल. त्याला मोजायला आवडेल. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या दोघींनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांत कोण किती बोलतं ते मोजलं होतं, २०१६ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये बायका आणि पुरुष जवळपास निम्मं निम्मं बोलतात. १९८९ च्या 'द लिटल मरमेड'मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुषांचं. चीनला वाचवणारी मुलगी जिची नायिका आहे त्या 'मुलान'मध्ये ७७ टक्के, 'अलादीन'मध्ये ९०. मला स्वतःला हे आकडे वाचून धक्का बसला होता, कारण नव्या नायिका जास्त धीट आहेत असं मी समजत होते. धीट आहेतच, पण त्यांच्या भोवतीचे मित्र, वडील, सल्लागार, बोलके प्राणी बहुतेक सगळे पुरुष. मुलाला म्हणा, तुझ्या आवडत्या चित्रपटात मोजून सांग. पुढचं तो स्वतः बोलेल, आणि तुम्हाला ऐकावं लागेल.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांची काळजी मी झटकून टाकणार नाही. आपल्या घरात काय मोलाचं मानतो ते मुलांपर्यंत पोचावं असं बापाला वाटणं रास्तच आहे. पण चित्रपटात संदेश आहे म्हणून तो बंद, हा नियम लावला तर काहीच उरत नाही. १९४२ मध्ये 'बॅम्बी' आला तेव्हा शिकारीवरच्या एका अमेरिकी मासिकाच्या संपादकाने शिकाऱ्यांची बदनामी म्हणून त्याचा निषेध केला होता. मला तर त्यात हरणाच्या पाडसाची आई तेवढी दिसली होती, तुम्हालाही तीच दिसली असेल. पण त्या संपादकाचं पूर्ण चुकलं असं म्हणता येत नाही. त्या चित्रपटात माणूस पडद्यावर येतच नाही, फक्त त्याची चाहूल, बंदुकीचा आवाज आणि आग. बिनचेहऱ्याचा माणूस, तंबूतल्या मजुरांसारखाच, फक्त इथे भीती घालायला. मला ती बाजू पटते, कारण मी हरणाच्या बाजूची आहे. तरी ती बाजू आहे हे मला माहीत असायला हवं.

आणि आपल्याला पटणारा संदेश आपल्याला संदेश वाटतच नाही. १९७४ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेली 'एक अनेक और एकता' ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज आई-बाबा, आजी-आजोबा झाली आहे. पक्षी जाळ्यासकट उडून जातात, उंदीर जाळं कुरतडतात, आणि ताई लहान भावाला एकी म्हणजे काय ते सांगते. सरकारी पैशाने मुलांसाठी केलेला राजकीय संदेशच तो, सरळ सरळ. तुमच्या यजमानांनी पाहिली असेल तर त्यांना तिचं गाणं अजून पाठ असेल. त्यांना विचारा, ती बंद करायची का? मी तरी करणार नाही. ती माझी फार लाडकी आहे, कारण तिच्यात कुणालाही हसायला लावलेलं नाही आणि एकीसाठी कुठला समाज शत्रू म्हणून उभा करावा लागलेला नाही.

त्यांना आणखी एक सांगा, बंदी घालणं आणि हरकत घेणं यात अंतर आहे. 'अलादीन'च्या सुरुवातीच्या गाण्यात एक ओळ होती, तुमचं तोंड आवडलं नाही तर इथे कान कापतात, अशा अर्थाची. अमेरिकेतल्या अरब लोकांच्या संघटनेने त्यावर नेमकी हरकत घेतली आणि १९९३ मध्ये चित्रपट व्हिडिओवर आला तेव्हा ती ओळ बदललेली होती. त्याच कडव्यातला त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द मात्र राहिला, म्हणजे यश अर्धंच. तरी ते अर्धं मिळालं, कारण लोकांनी बोट ठेवून सांगितलं की इथे आम्हाला लागतं. उत्तर युरोपातल्या सामी लोकांनी त्याहून पुढची गोष्ट मिळवली. 'फ्रोझन'मध्ये त्यांच्या संस्कृतीतल्या गोष्टी घेतल्या गेल्याची चर्चा झाली होती, म्हणून दुसऱ्या भागाच्या वेळी त्यांच्या प्रतिनिधींनी डिस्नेशी लेखी करार केला. त्यांचे सल्लागार चित्रपटाबरोबर राहिले आणि २०१९ मध्ये तो चित्रपट उत्तर सामी भाषेतही आला. एका लहान समाजातलं पोर पडद्यावरच्या राणीला आपल्या भाषेत बोलताना ऐकतं, ही किती मोठी गोष्ट आहे!

याच्या उलट, २०१९ मध्येच 'अबॉमिनेबल' हा एका चिनी मुलीचा आणि यतीचा, म्हणजे हिममानवाचा, चित्रपट व्हिएतनामने चित्रपटगृहांतून काढून घेतला. त्यातल्या एका प्रसंगात एक नकाशा होता आणि त्यावर दक्षिण चीन समुद्रावर चीनचा दावा सांगणाऱ्या तुटक रेघा होत्या. मोठ्या माणसांचं भांडण मोठं आहे आणि व्हिएतनामचा राग मला समजतो. मुलांच्या हाती मात्र काही लागलं नाही. नकाशा खोटा असेल तर दहा वर्षांच्या मुलाला शेजारी खरा नकाशा ठेवून दाखवता येतो. चित्रपटच गेला की तेही दाखवता येत नाही.

आणि 'संस्कार' म्हणताना त्यांच्या मनात दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र संसार करताना दाखवणारे नवे चित्रपट असतील, बहुतेक असतीलच, कारण असल्या याद्यांमध्ये ते सगळ्यात वर असतात. तुमच्या घरात त्याबद्दल जे मत असेल ते मुलांना तुमच्या तोंडाने, शांतपणे सांगा. माझं मत विचाराल तर अशी माणसं जगात आहेत, तुमच्या मुलांच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरातही असतील, आणि त्यांना बघून तोंड फिरवायला मुलाला शिकवणं हे मी कधीही संस्कार म्हणणार नाही. यजमानांना हे पटणार नाही कदाचित. निदान त्यांनी यादी वाचून नाही, चित्रपट बघून बोलावं, एवढा आग्रह धरा.

मी सगळंच दाखवा म्हणतेय असं समजू नका. एखाद्या चित्रपटात एखाद्या समाजाची दीड तास नुसती टिंगलच चाललेली असेल तर तो मी लहान मुलांपुढे ठेवत नाही, मोठी झाल्यावर माझ्याबरोबर बघू देते. वयाचाही विचार हवा, युद्धाची चित्रं सात वर्षांच्या मुलीला नकोत, मग ती कितीही उत्तम असोत. पण रोजचा उपाय बंदी नाही. एकाच कंपनीचे, एकाच देशाचे चित्रपट बघितले की चेटकीण नेहमी एकाच वळणाने बोलते. जपानचे, आयर्लंडचे, इराणचे, आपल्या भाषांतले, जमेल तेवढे दाखवा. चार ठिकाणच्या चेटकिणी चार तऱ्हांनी बोलायला लागल्या की तुमच्या मुलीचा नियम आपोआप मोडेल.

मात्र दारात उभ्या राहिलेल्या काकूंचं काम चित्रपट करणार नाहीत. ते तुम्हाला करायचंय, आणि रविवारच्या आधी. त्यांच्याकडे जा, एकट्या. मुलीला हाताला धरून, समोर उभी करून 'सॉरी म्हण' करू नका, त्यात दोघींचीही मानहानी होते. तुम्हीच म्हणा, माझ्या मुलीने तुमची नक्कल केली, ती मी ऐकली, तुम्हीही ऐकलीत, आणि मला फार वाईट वाटलं. कारणं देऊ नका, चित्रपटाचं तर अजिबात नको. त्या म्हणतील, अहो मुलंच ती. म्हणू देत. तुम्ही गेलात हे त्यांना पोचलेलं असेल.

मुलीशी बोलाल तेव्हा रागावल्याबद्दल नाही, त्या हसण्याबद्दल बोला. काकू हसल्या ना, तुला काय वाटतं, त्यांना हसू आलं होतं का? सात वर्षांच्या मुलीला याचं उत्तर देता येतं. तिने उत्तर दिलं की पुढे काही जोडू नका. तिला रडू आलं तर येऊ द्या, ते 'बिचारा ससा' म्हणणारं रडू आहे, त्याला कोपऱ्यात बसवू नका.

चित्रपट जरूर दाखवा, तिच्या आवडीचाच. यजमानांना मुलांमध्ये बसवा, आणि आधीच सांगा की मध्ये कुणी थांबवायचं नाही, तुम्हीसुद्धा. ती नवी मुलगी तर येईलच, तिच्या आईलाही बोलवा. पण पाहुणी म्हणून शोभेला बसवायला किंवा 'तुमच्या भाषेत काहीतरी म्हणून दाखवा' म्हणायला नको. मदतीला बोलवा. दहा-बारा पोरं म्हणजे फुगे फुगवायला, चादरी अंथरायला, भांडणं सोडवायला आणखी दोन हात लागतातच. त्या त्यांच्या ढबीत पोरांना हाका मारतील, दटावतील, कुणाचा गुडघा फुटला तर फुंकर घालतील, आणि तुमच्या मुलीच्या कानावर तो आवाज दिवसभर पडत राहील. मुलं पाचला येणार असतील तर त्यांना तीनलाच यायला सांगा.